टीव्हीवरची नाटकं पुसली गेली, संहिता उरल्या. पण त्यातली कुठली प्रत जपायची?

थेम्सकाठी

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, थोडा लांबेल. चहा घेऊन बसा.

मी राहतो इंग्लंडात, रेडिंगला. गावाच्या नदीपलीकडच्या भागाला कॅव्हर्शम म्हणतात आणि तिथे एका साध्याशा बंगल्यात बीबीसीचं लेखी दफ्तर आहे, रिटन आर्काइव्ह्ज सेंटर. १९७० साली सुरू झालेलं. बाहेरून बघितलं तर कुणाला वाटायचं नाही की आत ब्रिटिश रेडिओ-टीव्हीचा निम्मा इतिहास कागदांवर पडलाय: करार, पत्रव्यवहार, अंतर्गत चिठ्ठ्या आणि ढीगभर संहिता.

विषय आहे 'द वेन्सडे प्ले' आणि 'प्ले फॉर टुडे'. बीबीसीच्या नाट्यविभागावर सिडनी न्यूमन नावाचा कॅनेडियन माणूस आला. आधी तो खाजगी वाहिनीवर 'आर्मचेअर थिएटर' करत होता. १९६४ मध्ये त्याच्या काळात बुधवारचं नाटक सुरू झालं. दर आठवड्याला नवं नाटक, नवा लेखक, नवी पात्रं, मागच्या आठवड्याशी काहीही संबंध नाही. १९७० मध्ये त्याचंच 'प्ले फॉर टुडे' झालं आणि ते १९८४ पर्यंत चाललं. या दुसऱ्या मालिकेतच जवळपास तीनशे नाटकं झाली. दिग्दर्शक केन लोचचं 'कॅथी कम होम' (१६ नोव्हेंबर १९६६) यातलंच. घर नसलेल्या कुटुंबाची गोष्ट, सुमारे सव्वा कोटी लोकांनी एका रात्रीत पाहिली.

आता दुखरी बाजू. यातली बरीच नाटकं आज पाहायलाच मिळत नाहीत, विशेषतः साठच्या दशकातली. तेव्हाची दोन इंच रुंदीची व्हिडिओटेप भयंकर महाग. नटांच्या आणि वादकांच्या संघटनांशी करार असे की नाटक फार वेळा पुन्हा दाखवता यायचं नाही. मग जे परत दाखवायचं नाही ते ठेवायचं कशाला? टेप पुसायची, त्यावर दुसरं काहीतरी घ्यायचं. सत्तरच्या दशकाच्या शेवटापर्यंत हे बिनदिक्कत चालू होतं.

टीव्ही नाटककार डेनिस पॉटरचं 'मेसेज फॉर पॉस्टेरिटी' घ्या, १९६७. एक म्हातारा माजी पंतप्रधान आणि त्याचं चित्र काढायला आलेला डाव्या विचारांचा चित्रकार. नाव काय, तर पुढच्या पिढ्यांसाठी निरोप! आणि बीबीसीनं तेच पुसलं. १९९४ मध्ये जुन्या संहितेवरून ते नव्यानं उभं केलं, पॉटर गेला त्याच वर्षी.

तर माझा मुद्दा. "संहिता जपली" असं आपण म्हणतो तेव्हा कुठली? टीव्ही नाटकाच्या निदान तीन प्रती असतात. लेखकानं दिलेली, तालमीची आणि चित्रणाच्या वेळी स्टुडिओत वापरायची कॅमेरा स्क्रिप्ट. माझं मत असं की जपायची तर शेवटची, खरडलेली, चहाचे डाग पडलेली. लेखकाची स्वच्छ टंकलिखित प्रत कपाटात ठेवून आपण नाटक वाचवलं असं समजणं म्हणजे स्वतःची समजूत काढणं. तुम्हाला काय वाटतं?

---

बटाटेवडा

वाचनखूण साठवली आहे. चहा दोनदा झाला.

---

तिरपागडा

लेख छान, मत अमान्य.

संहिता ही लेखकाची कृती. त्यावर कुणी कॅमेऱ्याचे आकडे टाकले, कुणी "इथे खोकला" लिहिलं, तो कारखान्याचा हिशेब झाला. पुढच्या वाचकाला नाटक वाचायचंय की दिग्दर्शकाची डोकेदुखी? पॉटरची निगेल बार्टनवरची दोन नाटकं पेंग्विननं १९६७ मध्येच पुस्तकात छापली. लोक तीच वाचतात, कॅमेऱ्याचे आकडे कुणी मागत नाही.

आणि जागेचं काय? सगळंच जपायचं म्हटलं की काहीच जपलं जात नाही, आपल्याकडच्या प्रत्येक ग्रंथालयाचा अनुभव आहे.

---

फ्लोअरमॅनेजर_निवृत्त

मी टीव्हीच्या स्टुडिओत आयुष्य काढलंय (केंद्राचं नाव नको), म्हणून दोन शब्द.

तिरपागडाराव, कॅमेरा स्क्रिप्ट तुम्ही हातात धरली नसावी. पान उभं दोन भागांत असतं. उजवीकडे संवाद. डावीकडे शॉटचा क्रमांक, कुठला कॅमेरा, तो कुठे उभा, क्लोज की मिड की दोघांचा शॉट. क्रमांक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सलग चालतात. एका नाटकाचे काही शे शॉट सहज होतात. पॅनेलवर (म्हणजे दिग्दर्शकाच्या नियंत्रण कक्षात) बसलेली असिस्टंट ते क्रमांक मोठ्यानं बोलत जाते, "एकशे बारा, तीनवर... पुढचा दोन", आणि प्रत्येक कॅमेरामनच्या कॅमेऱ्याला त्याच्या त्याच्या शॉट्सचं कार्ड अडकवलेलं असतं. तेव्हा टेप कापून जोडणं महागाचं, त्यामुळे लांबच लांब तुकडे एका दमात घ्यायचे. म्हणजे जे आता संकलक महिनाभर बसून करतो ते सगळं रेकॉर्डिंगच्या आधीच त्या कागदावर ठरलेलं असायचं.

म्हणून टेप पुसली गेली तरी कॅमेरा स्क्रिप्ट असेल तर मी तुम्हाला सांगू शकतो की अमुक वाक्य बोलताना प्रेक्षकाला बोलणाऱ्याचा चेहरा दिसत होता की ऐकणाऱ्याचा. नाटकात याहून महत्त्वाचं काय असतं सांगा.

---

शरयू_डोंबिवली

फ्लोअरमॅनेजरकाका, शेवटच्या परिच्छेदाला +१००. अंगावर काटा आला.

एक विचारायचंय, पण आधी घरात शोधाशोध करते. बाबा ऐंशीच्या दशकात टीव्हीसाठी नाटुकली लिहायचे. माळ्यावर एक खोकं आहे.

---

नाट्यवेडा_सांगलीचा

माझ्या मते या विषयाचा सगळ्यात भारी दाखला म्हणजे टीव्ही नाटककार नायजेल नील. त्याचं 'द रोड' बीबीसीच्या 'फर्स्ट नाइट' या मालिकेत सप्टेंबर १९६३ मध्ये दाखवलं गेलं. चित्रण शिल्लक नाही.

गोष्ट अठराव्या शतकातली. एका रानात ठरावीक रात्री आवाज येतात, लोक म्हणतात भुतं. एक विज्ञानवेडा जमीनदार आणि एक तत्त्वज्ञ छडा लावायला जातात. ज्यांना वाचायचंय त्यांनी पुढचं वाक्य सोडा. ते आवाज भूतकाळाचे नसतातच, भविष्यातल्या अणुहल्ल्यातून मोटारी घेऊन पळणाऱ्या माणसांचे असतात.

म्हणजे नाटकाचा जीव कशात, तर आवाजात. आणि ते आवाज कसे, कधी, किती हे संहितेत लिहिलेलं होतं. ती सत्तरच्या दशकात पुस्तकात छापली गेली, म्हणून २०१८ मध्ये बीबीसी रेडिओ ४ ला त्यावरून नवं श्रुतिनाट्य करता आलं. मी ऐकलंय, रात्री ऐकू नका.

आता बघा, इथे तिरपागडा आणि थेम्सकाठी दोघंही अर्धे अर्धे बरोबर ठरतात. छापील पुस्तकानंच नाटक वाचवलं. पण नीलनं ध्वनिसूचना लिहिल्या होत्या म्हणून. ज्या लेखकाला "वाऱ्याचा आवाज" एवढंच लिहायची सवय, त्याचं नाटक पुस्तकातून तेवढंच उरणार.

---

तिरपागडा

>>दोघंही अर्धे अर्धे बरोबर

पंचायतीत न्याय दिल्यासारखं वाटलं.

पण तुमचा दाखला माझ्याच बाजूचा आहे. लेखकानं लिहिलं ते टिकलं.

---

थेम्सकाठी

तिरपागडा, मग ज्या नाटकाला लेखकाची प्रतच नाही त्याचं काय करायचं?

दिग्दर्शक माइक ली घ्या. हा माणूस संहिता घेऊन येतच नाही. नटांबरोबर महिनोन्‌महिने पात्रं घडवतो, सुचतील तसे संवाद पक्के होत जातात. त्याचं 'ॲबिगेल्स पार्टी' आधी १९७७ च्या वसंतात लंडनच्या हॅम्पस्टेड थिएटरमध्ये झालं. पुढे मोठ्या नाट्यगृहात जाणार होतं, पण बेव्हर्लीची मुख्य भूमिका करणारी ॲलिसन स्टेडमन गरोदर होती. मग नाट्यगृहाऐवजी तेच नाटक 'प्ले फॉर टुडे' म्हणून स्टुडिओत घेतलं आणि नोव्हेंबरमध्ये दाखवलं. कॅमेऱ्यांसाठी कागद लागतोच, म्हणजे इथे लेखन आधी आणि प्रयोग नंतर असा क्रमच उलटा झाला.

त्यातली एक गंमत. रंगमंचावर बेव्हर्ली पाहुण्यांना एल्व्हिस आणि होजे फेलिसियानो ऐकवायची. टीव्हीवर त्यांच्या जागी टॉम जोन्स आणि डेमिस रुसोस आले, कारण पुढेमागे अमेरिकेत कार्यक्रम विकायचा तर त्या गाण्यांच्या हक्कांची भानगड नको. आज डेमिस रुसोसशिवाय त्या नाटकाची कल्पनाच करवत नाही, आणि तो आला कुणाच्या प्रतिभेतून? हक्कांच्या कागदपत्रांतून. एकाच नाटकाच्या दोन प्रती समोर ठेवल्या की हे दिसतं. एकच "शुद्ध" प्रत ठेवली की वाटतं, बेव्हर्लीची आवडनिवड पहिल्यापासून तशीच होती.

'कॅथी'चंही तसंच. जेरेमी सँडफर्डनं लिहिलं, पण लोचनं १६ मिमी फिल्म घेऊन रस्त्यात, वसतिगृहांत चित्रण केलं आणि नटांना आपल्या शब्दांत बोलू दिलं. लिहिलेलं आणि दाखवलेलं यांत जे अंतर पडलं तेच तर बघण्यासारखं आहे.

---

कागदकिडा

ग्रंथालयवाला आहे, उशिरा आलो.

मोठ्या चित्रात एक गोष्ट राहून गेली. संहिता टिकतात त्या बहुतेक वेळा कुणी प्रेमानं जपल्या म्हणून नाही, कचेरीच्या शिस्तीमुळे टिकतात. इंग्लंडात रंगभूमीवरचं प्रत्येक नाटक लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याकडे परवान्यासाठी पाठवावं लागे. १९६८ च्या कायद्यानं ती सेन्सॉरशिप गेली, पण १८२४ पासूनच्या त्या प्रती आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ज्यानं नाटकांचा गळा धरला त्याच्याच फडताळात ती राहिली. आपल्याकडेही रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाला संहिता द्यावी लागते, म्हणून मराठी नाटकाच्या अभ्यासकाला निदान एक दार ठोठावता येतं.

टीव्हीला लॉर्ड चेंबरलेन नव्हता. तिथे जे काही टिकलं ते बीबीसीच्या अंतर्गत पद्धतीमुळे. प्रत्येक कार्यक्रमाची फाइल असायची. दूरचित्रवाणी नाटकांच्या फायलींचा संकेत 'टी५'. प्रत्यक्ष काय प्रसारित झालं त्याच्या रोजच्या नोंदी वेगळ्या. शिवाय 'रेडिओ टाइम्स' मधल्या १९२३ पासूनच्या कार्यक्रमपत्रिका २०१४ पासून 'जीनोम' नावानं नेटवर आहेत. तारीख, लेखक, नट तिथे सापडतात आणि मग फाइल मागता येते.

बंदी घातलेल्या नाटकांच्या बाबतीत तर फाइल म्हणजे दुसरं नाटकच. पॉटरचंच 'ब्रिमस्टोन अँड ट्रीकल' १९७६ मध्ये तयार होऊन पडलं, दाखवलं १९८७ मध्ये. वरच्या साहेबानं लेखकाला कळवलं की लेखन-दिग्दर्शन उत्कृष्ट आहे, पण पाहून मळमळतं. हे संहितेच्या कुठल्याही प्रतीत सापडणार नाही.

थेम्सकाठी, तुमच्या मुद्द्यात एक भर. बीबीसीच्या बऱ्याच संहिता मायक्रोफिल्मवर आहेत. मजकूर वाचला, पण मायक्रोफिल्म काळीपांढरी. दुरुस्तीची पानं वेगळ्या रंगाच्या कागदावर काढायची पद्धत असते आणि पेन्सिली निळ्या-तांबड्या. फिल्मवर सगळंच करडं. कुठली दुरुस्ती कुणाची आणि कितवी, हा धागा तिथे तुटतो.

---

बटाटेवडा

म्हणजे सेन्सॉरचे आभार मानायचे?

---

कागदकिडा

त्याच्या कारकुनाचे.

---

वकीलसाहेबा

कायद्याचं थोडक्यात, कारण कुणीतरी विचारणारच.

कागद तुमच्या घरात आहे म्हणून मजकुराचे हक्क तुमचे होत नाहीत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट, ब्रिटनमध्ये ७०. टीव्हीसाठी लिहिलेल्या मजकुरात करारात काय ठरलं होतं ते आधी बघा. लेखकानं फक्त प्रसारणाची परवानगी दिली होती की सगळंच लिहून दिलं होतं? म्हणून जुनी करारपत्रं आणि मानधनाच्या पावत्या फेकू नका, त्या संहितेइतक्याच मोलाच्या.

स्वतःच्या घरातल्या कागदांचं स्कॅनिंग जपणुकीसाठी करून ठेवणं वेगळं आणि नेटवर सगळ्यांसाठी टाकणं वेगळं. दुसऱ्याला परवानगी लागते, एवढं लक्षात असू द्या.

---

नाट्यवेडा_सांगलीचा

परदेशी प्रतींचा मुद्दाही आहे. २०१० मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये साठाहून जास्त हरवलेली ब्रिटिश टीव्ही नाटकं सापडली. तिकडच्या सार्वजनिक वाहिनीनं दाखवण्यासाठी मागवली होती, दाखवून झाल्यावर तशीच राहिली. त्यात तरुण शॉन कॉनरीचं एक, आणि मॅगी स्मिथचं 'मच अडू अबाउट नथिंग'. घरच्यांनी पुसलं, पाहुण्यांनी ठेवलं.

उलट बॉब डिलनचं बघा. १९६३ च्या जानेवारीत बीबीसीच्या रविवारच्या नाटकात, 'मॅडहाउस ऑन कॅसल स्ट्रीट' मध्ये, हा अजून कुणाला फारसा माहीत नसलेला पोरगा गायला. टेप १९६८ मध्ये पुसली. एवढा मोठा माणूस, जगभर शोध घेतला, तरी चित्र मिळालं नाही. घरी रेकॉर्डर लावून बसलेल्या लोकांकडून गाण्यांचे आवाज तेवढे मिळाले.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. 'गजरा' आठवणारे इथे निम्मे लोक असतील. 'गजऱ्या'तलं एखादं प्रहसन आज शब्दशः कुणाकडे कागदावर आहे का, हे मला खरंच विचारायचंय. आठवणी नकोत, त्या भरपूर आहेत.

---

शरयू_डोंबिवली

खोकं खाली काढलं!! वर वाळवी नाही, देवाची कृपा, पण कसर लागलीय. चार नाटुकल्यांची बाडं आहेत. दोन बाबांच्या हस्ताक्षरात, दोन सायक्लोस्टाइल. सायक्लोस्टाइलवाल्या एकावर दोन वेगळ्या पेन्सिलींच्या खुणा आहेत, आणि त्यातली एकही बाबांची नाही. टाचण्या गंजून कागदात रुतल्यात. आई म्हणते लॅमिनेट करून आण. करू का?

---

कागदकिडा

नको नको नको! लॅमिनेशन नको आणि सेलोटेप तर नकोच नको. एकदा केलं की परत फिरता येत नाही.

टाचणी ओढू नका, कागद फाटेल. पातळ प्लास्टिकची पट्टी टाचणीच्या पायाखाली सरकवा, पाय हळूच उभे करा, मग वरून काढा. त्याआधी प्रत्येक पानाच्या मागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं क्रमांक टाका, जसा गठ्ठा सापडला त्याच क्रमानं. उलटसुलट वाटला तरी आत्ता लावू नका. बाड माळ्यावर परत ठेवू नका, उन्हाळ्यात तिथे भट्टी असते. आम्लरहित कागदाचं पाकीट मिळालं तर उत्तम, नाहीतर आतल्या खोलीतलं कोरडं कपाट.

स्कॅन रंगीतच करा, मजकूर काळा असला तरी. चारशे डीपीआय पुरे. मूळ फाइल टिफ, वाचायला पीडीएफ. मागची कोरी बाजूसुद्धा स्कॅन करा. मुलांना सांगून तीन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक घराबाहेर. मोबाइलवर फोटो काढून ग्रुपवर टाकले म्हणजे जपलं असं नाही, ग्रुपवर फोटो आकसतात.

---

तिरपागडा

शरयूताई, एक सुचवतो. बाबांच्या हस्ताक्षरातल्या आधी करा. त्या जगात एकच आहेत.

(हो, सायक्लोस्टाइलवाल्याही करा. माझं मत बदललेलं नाही, पण कुणाच्या वडिलांच्या खोक्यावर मी वाद घालणार नाही.)

---

शरयू_डोंबिवली

धन्यवाद सगळ्यांना. टाचणी पट्टीनं निघाली, कागदकिडाजी!

पान १७ चा फोटो देतेय. डाव्या समासात तांबड्या पेन्सिलीनं "३ – ग्लास – धर". खाली बायकोच्या तोंडच्या चार ओळी निळ्या पेन्सिलीनं काटल्यात. त्यांच्या शेजारी "२१.४०" आणि गोल. आणि तळाला वेगळ्याच हस्ताक्षरात एक वाक्य: "तुम्ही जेवून घ्या, मी थांबते." बाबांच्या हस्तलिखितात हे वाक्य नाही, मी दोनदा बघितलं. तिथे त्या चार ओळी आहेत, ज्यात ती नवऱ्याला बरंच सुनावते.

---

फ्लोअरमॅनेजर_निवृत्त

शरयू, हे वाचणं सोपं आहे.

तांबडी पेन्सिल पॅनेलची. तीन नंबर कॅमेऱ्यानं पाण्याच्या ग्लासवर जायचं आणि शॉट धरून ठेवायचा, चेहऱ्यावर यायचं नाही. निळी माझ्यासारख्याची, म्हणजे फ्लोअरची. २१.४० म्हणजे तालमीत इथपर्यंत यायला एकवीस मिनिटं चाळीस सेकंद लागली. गोल केलाय म्हणजे वेळ जास्त होतोय, कापा. म्हणून चार ओळी गेल्या. पण नुसत्या काटल्या असत्या तर ग्लासवरचा शॉट मुका राहिला असता, त्याला काहीतरी शब्द हवे होते. ते वाक्य कुणीतरी तिथेच, तालमीत दिलं. बहुतेक ती भूमिका करणाऱ्या बाईनंच. आमच्याकडे असं नेहमी व्हायचं आणि श्रेयनामावलीत कधी यायचं नाही.

हस्ताक्षर पुढेही कुठे येतं का बघ. आणि पान १७ ची मागची बाजू टाक. सेटचा आराखडा बहुतेक तिथेच काढलेला असतो.